भीमथडीचं तट्टू खरंच होतं का?



महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाहून घरी येताना माझ्या नातवाने गाडीत एक प्रश्न विचारला. कार्यक्रमात 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गाणं झालं होतं. राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल लावलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायिलेलं हे गाणं आपल्या वयाच्या लोकांना पाठच असतं. 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारलं. त्या गाण्यात भीमथडीच्या तट्टांचा आणि यमुनेच्या पाण्याचा उल्लेख येतो. नातू नऊ वर्षांचा आहे. मराठी त्याला समजते, बोलताना मात्र अडखळतो. त्याने विचारलं, "आजी, ते घोडे खरे होते की गोष्टीतले?"

"खरे होते," असं म्हणून मी मोकळी झाले.

"मग आता कुठे आहेत?"

इथे मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. कारण हाच प्रश्न मी दहा-अकरा वर्षांची असताना शाळेत विचारला होता, आणि त्याचं मिळालेलं उत्तर चुकीचं होतं हे मला कळायला साठ वर्षं लागली. ती हकिकत आज सांगते.

माझं बालपण कुलाबा जिल्ह्यात गेलं. आता त्याला रायगड म्हणतात. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच सुमारास हे गाणं आमच्याकडे रेडिओवर ऐकू येऊ लागलं. गुरुजींनी ते वर्गात आमच्याकडून म्हणवून घेतलं आणि एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. मी हात वर करून विचारलं, "गुरुजी, भीमथडीचं तट्टू कसं दिसतं?" गुरुजी म्हणाले, "बाळ, ती जात आता नामशेष झाली. पेशवाई बुडाली आणि तीही गेली." आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, 'नामशेष म्हणजे ज्याचे फक्त नाव उरले आहे ते.'

दिवाळी होऊन भात कापून झालं होतं. शाळेच्या मागच्या खाचरात धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे घर नव्हे हं मुलांनो! मेंढपाळांची चार-सहा कुटुंबं मिळून हिंडतात, त्याला वाडा म्हणतात. दरवर्षी ते घाट उतरून कोकणात यायचे. गावकरी त्यांना आपापल्या शेतात मेंढ्या बसवायला सांगत, कारण लेंड्यांचं खत फुकट मिळे. बदल्यात त्यांना भात किंवा पैसे मिळत. पुरुष मेंढ्यांबरोबर चालत आणि बिऱ्हाड सांभाळत बायका. बिऱ्हाड असे घोड्यांच्या पाठीवर. पालाचं कापड, मेंढ्या कोंडायची वाघूर, भांडीकुंडी, पिठाची पिशवी, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि कधीकधी त्या सगळ्यावर बसलेलं शेंबडं पोर, एवढं सगळं ते ठेंगणं जनावर वाहून न्यायचं.

आम्ही शाळकरी मुलं त्या घोड्यांना हसायचो. "भाड्याचं तट्टू, भाड्याचं तट्टू" म्हणून मागे लागायचो. माझ्या आईला ते आवडत नसे. ती धनगरणीला ओटीवर बसवून चहा आणि तांदळाची भाकरी द्यायची. एकदा आईने तिला विचारलं, "बाई, तुमचं गाव कुठलं?" ती म्हणाली, "आमी फलटनाकडचं. नीरेच्या काठचं."

नीरेच्या काठचं. हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा नदी भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतून वाहत जाते, पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात, आणि शेवटी ती कृष्णेला मिळते. नीरा ही तिची उपनदी. दौंड, बारामती, इंदापूर या बाजूचा मुलूख म्हणजे भीमथडी. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकासुद्धा होता. 1875 मध्ये सावकारांच्या विरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले, ते ज्या सुपे गावात सुरू झाले ते ह्याच तालुक्यातलं. म्हणजे ठिकाण खरं आहे. पण तिथला घोडा खरा की शाहिरांनी वाढवून सांगितलेला?

शंका घ्यायला जागा आहे, ती लपवत नाही. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी 1469 च्या सुमारास आपल्या चौलला जहाजातून उतरला. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील चौल-रेवदंड्याच्या आसपासचे. रेवदंड्यात आज ह्या निकितिनचं स्मारक आहे. त्याच्याबरोबर विकायला आणलेला एक घोडा होता, शंभर रूबलना घेतलेला. तो घेऊन तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणून धमकावलं. एका ओळखीच्या माणसाने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा परत मिळाला. ह्या निकितिनने लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि रेडे होतात. घोड्यांना इथे साखर आणि तेल घालून खिचडी चारतात, हेही त्याने लिहिलं आहे.

झालं! ज्या मुलखात घोडेच पैदा होत नाहीत तिथे घोड्यांची प्रसिद्ध जात कुठून आली?

ह्याचं उत्तर त्याच्याच प्रवासात सापडतं. निकितिन बघत होता तो सरदारांच्या तबेल्यातला मोठा लढाऊ घोडा. तो खरोखरच समुद्रापलीकडून यायचा. अरबी घोडे चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत आणि घाट चढून देशावर जात. हे शेकडो वर्षं चाललं. गावोगावची डोंगरी तट्टं मात्र परदेशी व्यापाऱ्याच्या हिशेबात येणार नाहीत, कारण त्याला ती ना विकायची होती, ना विकत घ्यायची. पुढच्या काळात बाहेरून आलेले अरबी आणि तुर्की घोडे आणि इथल्या डोंगरी घोड्या यांच्या संकरातून दख्खनी घोडा तयार झाला असं मानतात. बापाकडून चपळाई आली, आईकडून काटकपणा आला. भीमा-नीरेच्या काठी गवत बेताचं, जमीन खडकाळ, उन्हाळा कडक. खिचडी मागणारं जनावर तिथे टिकलं नसतं.

मराठ्यांना असाच घोडा हवा होता. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची व्यवस्था सभासदाच्या बखरीत दिली आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद असे. पावसाळ्यात फौज छावणीला यायची, घोड्यांसाठी दाणागोटा आणि औषधं आधीच साठवलेली असत, आणि दसरा झाला की स्वारीला निघायचं. पुढे पहिला बाजीराव 1737 मध्ये अचानक दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. 1758 मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. अवजड सामान नाही, तोफा मागे, अंगावर घोंगडी आणि खोगिराला बांधलेली शिदोरी. यमुनेच्या पाण्याची गोष्ट कवीने हवेतून आणलेली नाही.

पण मराठे गेले म्हणजे भीमथडीचाच घोडा गेला हे कशावरून? ह्यासाठी मला मिळालेला साक्षीदार इंग्रज अमलातला आहे. मराठ्यांचं कौतुक करून त्याला काही मिळवायचं नव्हतं, म्हणून मला त्याची साक्ष महत्त्वाची वाटते. जेम्स ग्रँट डफ हा पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये प्रसिद्ध झाला. पुस्तकाच्या सुरुवातीला देशाचं वर्णन करताना तो सांगतो, की भीमेचे काठ घोड्यांसाठी नावाजलेले आहेत, त्यातही नीरा आणि माण या उपनद्यांच्या काठचे घोडे लहानखुरे असले तरी दख्खनमध्ये सर्वांत काटक समजले जातात.

नीरेच्या काठचे, लहानखुरे आणि काटक! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. मला आईची ओटी आठवली आणि चहाचा कप बशीत ओतणारी ती धनगरीण आठवली.

तेव्हा घोडा होता हे नक्की. आता 'जात' होती का? इथे जरा सावध राहायला पाहिजे. आज आपण घोड्याची जात म्हणतो तेव्हा वंशावळीची वही, मोजमापं, शिक्के हे सगळं मनात असतं. इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांची अशी वही 1791 पासून छापली जाऊ लागली. भीमेकाठी अशी वही कोणी ठेवली नाही. तिथे घोड्याची ओळख त्याच्या मुलखावरून व्हायची, जशी आपल्यात आडनावं गावावरून झाली. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर. त्या घोड्यांत बाहेरचं रक्त सतत येत राहिलं असणार. तेव्हा कागदावर बांधलेली शुद्ध जात म्हणाल तर ती नव्हती. पण एका मुलखात पिढ्यान् पिढ्या एकाच कामासाठी निवडून वाढवलेला, लोकांना बघताक्षणी ओळखू येणारा घोडा म्हणाल, तर तो होता.

मी पस्तीस-एक वर्षं नर्स होते. सुरुवातीच्या काळात आपल्यातल्या वयस्कर बायका दवाखान्यात आल्या की भाषेसाठी मला बोलावून नेत. फॉर्मवर जन्मतारीख लिहायची असे. आजी म्हणायच्या, "मानमोडीच्या सालात झाले गं मी." मानमोडी म्हणजे 1918 ची तापाची साथ. कारकुनाला त्याचं काय करावं ते समजत नसे. मग कागदावर 1 जानेवारी लिहिलं जाई. बाई समोर बसलेली, नाडी चाललेली, दहा बाळंतपणं झालेली, आणि तिचा जन्मच कागदावर नाही! तेव्हापासून मी एक शिकले. आधी मनगट धरावं, मग फाइल उघडावी.

भीमथडीच्या घोड्याचं असंच झालं. 1818 मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि चांगल्या घोड्याला गिऱ्हाईक उरलं नाही. इंग्रज सरकारने आपल्या लष्करासाठी ऑस्ट्रेलियातून जहाजं भरभरून 'वेलर' जातीचे उंच घोडे आणले. (मुलांनो, बेरशेबाला ऑस्ट्रेलियन सैनिकांची बाग आहे ना? 31 ऑक्टोबर 1917 ला तिथे जे घोडेस्वार दौडत आले, त्यांचे घोडे ह्याच वेलर जातीचे होते. ज्यांनी आपल्या तट्टाची नोकरी घेतली ते हे!) मग आगगाडी आली, ती तर दौंडवरूनच गेली. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं मेली तिथे जनावरांची काय कथा. साहेबाला पलटणीत ते घोडे दिसेनात, श्रीमंतांच्या तबेल्यात दिसेनात. हळूहळू पुस्तकांत लिहिलं जाऊ लागलं की दख्खनी घोडा संपला.

पण संपला नव्हता. त्याने नोकरी बदलली होती. स्वाराच्या मांडीखालून निघून तो धनगराच्या बिऱ्हाडाखाली गेला. मुलूख तोच राहिला, घाटही तेच. वेळापत्रकसुद्धा जवळजवळ तेच, पावसाळ्यात घरी आणि दसरा-दिवाळी झाली की बाहेर! धनगरांना वेगात पळणारा घोडा नको होता, पण कमी चाऱ्यावर दिवसभर चालणारा, दगडात पाय न मोडणारा आणि पोराबाळांना लाथ न मारणारा हवा होता. जो चांगला चालला त्याचीच वीण त्यांनी वाढवली. वही ठेवली नाही, पण जनावर ठेवलं.

जगात असं आणखी एकदा झालेलं आहे. इराणच्या जुन्या शिल्पांत लहानखुरे, देखणे घोडे दिसतात. ती जात केव्हाच नष्ट झाली असं समजत. 1965 मध्ये लुईझ फिरोझ नावाच्या बाईंना कॅस्पियन समुद्राजवळच्या भागात गाड्या ओढणारे, ओझी वाहणारे तसेच ठेंगणे घोडे आढळले. आज ती 'कॅस्पियन' जात म्हणून ओळखली जाते. तिथेही शोध तबेल्यांत लागला नाही, लागला तो गाडीवानाकडे.

आपल्याकडेही शेवटी कोणीतरी मनगट धरलं. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या बाजूच्या धनगरांच्या घोड्यांची शास्त्रज्ञांनी पाहणी केली, मापं घेतली, रक्त तपासलं. हरियाणातल्या कर्नाल इथे देशातल्या पाळीव जनावरांच्या जातींची नोंद करणारी सरकारी संस्था आहे. तिच्या यादीत तोवर घोड्यांच्या सात देशी जाती होत्या: मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी. 2024 च्या सुरुवातीला आठवी जात म्हणून 'भीमथडी'चं नाव जाहीर झालं. भाच्याने फोनवर ही बातमी पाठवली. सोबत फोटो होता. पाठीवर पालाचं कापड, दोन्ही बाजूंना पिशव्या, बाजूला एक बाई. मी फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला. ते जनावर मी ओळखत होते. मी त्याला दगड मारला नव्हता, पण हसले होते.

इथे एक खरी गोष्ट सांगून टाकते, नाहीतर कोणी म्हणेल की म्हातारी वाहवत गेली. ह्या नोंदणीने आजचे हे घोडे इतर सात जातींहून वेगळे आहेत एवढं ठरलं. बाजीरावाच्या पागेतल्या अमुक घोडीचं हे शिंगरू, असं काही ठरलं नाही आणि ठरणारही नाही. मधल्या दोनशे वर्षांत थोडंफार इकडचं तिकडचं झालं असणारच. माझ्या नातवाचं नाकसुद्धा हुबेहूब माझ्या आजोबांसारखं नाही. म्हणून काय तो आमचा नाही?

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हल्ली धनगरांचे काही वाडे बिऱ्हाड टेम्पोत टाकून घाट उतरतात. त्यांना दोष कसा द्यायचा? डांबरी रस्त्यावर ट्रकमधून वाट काढत चालणं सोपं नाही, आणि त्यांच्या मुलांनाही शाळा हवी आहे. पण कामच उरलं नाही तर घोडा कशाला पोसायचा? पेशवाई बुडाली तेव्हा त्याला दुसरं काम मिळालं होतं. आता तिसरं मिळेल का, ह्यावर सगळं अवलंबून आहे. कागद तर झाला, पण कागदाला चारा लागत नाही, घोड्याला लागतो.

नातवाला मी तो फोटो दाखवला. तो म्हणाला, "हा? हा तर लहान आहे!" त्याने मनात पुतळ्यावरचा घोडा धरला होता, पुढचे पाय उचललेला. मी म्हटलं, "लहान आहे म्हणूनच दिल्लीपर्यंत गेला." त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि तू त्याच्यावर बसली होतीस?"

नाही बसले. एकदा त्या धनगरणीने मला जवळ बोलावलं होतं. माझा हात धरून तिने घोड्याच्या मानेवर ठेवला. कातडी गरम होती आणि आत काहीतरी धडधडत होतं. मी घाबरून हात काढून घेतला आणि शाळेत पळाले. त्या दिवशी शाळेत आम्ही लिहिलं, 'नामशेष म्हणजे ज्याचे फक्त नाव उरले आहे ते.'

वाचकांपैकी ज्यांचं लहानपण अलिबाग, पेण, रोहा, मुरूड ह्या बाजूला गेलं, त्यांनी दिवाळीनंतर उतरणारे धनगरवाडे पाहिलेले असणार. आता एक करा. नातवंडांना जवळ बसवा आणि ते घोडे कसे होते, रंग कोणता, पाठीवर काय काय असायचं, धनगरीण काय बोलायची, हे आठवेल तेवढं सांगा. मुलांनो, तुम्ही कंटाळा न करता ऐका, आणि जमलं तर एका वहीत लिहून ठेवा. भीमेकाठी कोणी वही ठेवली नव्हती, म्हणून आम्हाला साठ वर्षं लागली.